भयवर्जिता सीमा

गळ्यात तुळशीची माळ आहे, एकादशी चुकत नाही, आषाढीची वारी घडते. आणि शेजाऱ्याने शेतात जाण्याची वाट काटे टाकून बंद केली आहे. अशा माळकऱ्याने तहसील कचेरीत अर्ज करावा, की 'विठ्ठलाची इच्छा' म्हणून सोसावे? हा प्रश्न आम्हांस अलीकडे इतक्या गावी विचारला जातो की, या मासी त्याचाच विचार करण्याचे योजिले आहे. विचारणारे लोक भांडखोर नसतात. भांडखोर कुणाला विचारीत बसत नाही, तो सरळ कुऱ्हाड घेऊन बांधावर जातो. विचारतो तो, ज्याला माळेची लाज असते.

त्याला दोन ठरलेली उत्तरे मिळतात. एक पारावरचे : "अहो, माळ घातली म्हणून काय जमीन सोडून द्यायची?" दुसरे आमच्याच कीर्तनकार मंडळींकडून मिळते : "तुकोबारायांनी मंबाजीचा मार खाल्ला, आणि तुला एक वाट सोडवत नाही?" पारावरच्या उत्तराविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. दुसरे उत्तर मात्र नारदांच्या गादीवरून दिले जाते, आणि ते त्या कथेला धरून नाही असे आमचे स्पष्ट मत आहे. सबब ती कथा एकवार नीट पाहू.

ही कथा महिपतीबुवा ताहराबादकरांनी लिहून ठेविली. तुकोबारायांच्या वैकुंठगमनानंतर शंभराहून अधिक वर्षांनी त्यांनी संतचरित्रे रचिली, त्यामुळे इतिहासकार तिच्याकडे ज्या नजरेने पाहतात ती निराळी. संप्रदायाने काय जपले आणि का जपले, एवढेच आपणांस पाहावयाचे आहे. देहूस विठ्ठलमंदिराच्या लगत मंबाजी गोसाव्याची बाग होती. तुकोबांच्या घरी सासुरवाडीहून आलेली म्हैस होती. ती म्हैस एके दिवशी बागेत शिरली आणि रोपे खाऊन, तुडवून आली. आता येथे थांबून विचार करा. कथेची सुरुवात मंबाजीच्या दुष्टपणातून होत नाही. तुकोबांच्या घरच्या जनावराने शेजाऱ्याचे नुकसान केले, येथून होते. बागेला काटेरी कुंपण घालणे हा मंबाजीचा हक्कच होता. तो शिव्या देत होता हे खरे, पण कुंपणाच्या बाबतीत तो चुकला नव्हता. कीर्तनात हा भाग आम्ही लोक पटकन उरकून पुढे जातो, कारण खलनायक पहिल्यापासून काळाकुट्ट असला म्हणजे रंग लवकर भरतो!

पुढे त्या कुंपणाचे काटे मंदिराच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर आले. एकादशी आली. यात्रेकरू येणार, अनवाणी प्रदक्षिणा घालणार. तुकोबांनी ते काटे उचलून बाजूला केले. मंबाजीने ते पाहिले आणि त्याच काटेरी फांद्या घेऊन तुकोबांना मारले. तुकोबांनी हात उगारला नाही. रात्री कीर्तनाला सारे आले, मंबाजी तेवढा आला नाही. तेव्हा तुकोबा स्वतः त्याच्या घरी गेले, नमस्कार केला, मारता मारता आपले अंग दुखावले असेल म्हणून त्याचे पाय चेपले, आणि त्याला कीर्तनाला घेऊन आले.

आता बघा, यात तुकोबांनी काय सोसले आणि काय सोसले नाही. पाठीवर पडलेले वळ त्यांनी सोसले. ते वळ त्यांचे होते, त्यांची क्षमा करण्याचा अधिकार त्यांचा होता. वाटेवरचे काटे त्यांनी सोसले नाहीत. ती वाट त्यांची नव्हती, यात्रेकरूंची होती. दुसऱ्याच्या पायात मोडणाऱ्या काट्याची क्षमा आपण कोण करणार? आणि रात्री मंबाजीच्या पाया पडले तेव्हा, "तुमचे काटे होते तेथे परत ठेवतो" असे काही ते म्हणाल्याचे कथेत नाही. वाट मोकळी ती मोकळीच राहिली. मनुष्य तेवढा परत बोलाविला.

वाटेचा निवाडा निराळा आणि माणसाचा निवाडा निराळा, एवढेच आम्हांस या कथेतून काढावयाचे आहे. आपण यांची गल्लत करतो. वाटेसाठी भांडायचे म्हणजे माणूस तोडायचा, आणि माणूस राखायचा म्हणजे वाट सोडायची, असे आपण धरून चालतो. मग जो भांडतो तो शेजाऱ्याच्या मयतीलाही जात नाही; आणि जो सोसतो तो बहुधा सोसत नसतोच, कुढत असतो. बांधाकडे पाहून दहा वर्षे दात खाणे याला आमच्या शास्त्रात क्षमा असे नाव नाही.

म्हणून प्रश्न विचारणाऱ्यास आमचा उलट प्रश्न असतो : बाबा, ती वाट कुणाची? तुझ्या एकट्याची असेल, तुझ्यावाचून कुणाचे अडत नसेल, आणि ती सोडून तुझे मन खरोखर शांत राहणार असेल, तर खुशाल सोड. तो तुझा त्याग. पण त्या वाटेने तुझ्या पलीकडची विधवा बाई शेतात जात असेल, वस्तीवरची पोरे शाळेत जात असतील, बाळंतीण दवाखान्यात न्यावी लागत असेल, तर ती सोडण्याचा अधिकार तुला नाही. तेथे अर्ज करणे हाच शेजारधर्म.

शास्त्र याविषयी काय म्हणते तेही पाहिले पाहिजे, कारण 'कज्जा म्हणजे अधर्म' अशी एक भोळी समजूत आपल्या मंडळीत आहे. धर्मशास्त्राच्या व्यवहारप्रकरणात 'सीमाविवाद' हे स्वतंत्र पद आहे. मनूने ते आठव्या अध्यायात घेतले. याज्ञवल्क्यस्मृतीत आहे, आणि तिच्यावर विज्ञानेश्वरांची मिताक्षरा आहे. हे विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास होते, म्हणजे आपल्याच मुलखाच्या शेजारचे. इतक्या मोठ्या धर्मज्ञांनी बांधाच्या भांडणावर इतकी बारकाईने लेखणी चालविली, ती काय अधर्म शिकविण्यासाठी?

आणि बारकाई तरी केवढी! मनू सांगतो, हद्दीचा निर्णय ज्येष्ठ मासात करावा, कारण त्या वेळी गवत वाळून गेलेले असते, बांध उघडे पडतात, खुणा स्पष्ट दिसतात. आमच्याकडे मोजणीचा तगादा उन्हाळ्यातच का लागतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे मर्म सांगावे लागणार नाही. हद्दीवर वड, पिंपळ, पळस, सावर अशी झाडे लावावी; आणि झाड कुणी तोडील म्हणून जमिनीत पुरलेल्या खुणाही कराव्या. दगड, हाडे, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसे, वाळू, असे जे लवकर कुजत नाही ते हद्दीवर पुरून ठेवावे. खुणा नाहीशा झाल्या तर साक्षी कोण? पहिले 'सामंत'. येथे सामंत म्हणजे सरदार नव्हे, लगतच्या जमिनीचे धनी. त्यानंतर गावातील वृद्ध, गुराखी, हद्दीला नांगर धरणारे, रानात हिंडणारे. मनूने तर पारधी, कोळी, मुळ्या खणणारे, साप धरणारे यांचीही नावे घेतली आहेत. ज्याला गावात कुणी विचारीत नाही, त्याला शास्त्राने हद्दीचा साक्षी केले. कारण जमीन त्याच्या पायांना ठाऊक असते.

हे सामंत आजही आहेत बरे का. खरेदीखत काढून पाहा. जमिनीची चतुःसीमा लिहिलेली असते : पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, दक्षिणेस ओढा, उत्तरेस फलाणा. आपली जमीन कोणती हे कागदावर सांगावयाचे तर शेजाऱ्यांची नावे लिहावी लागतात. भूमि अभिलेखवाल्यांची मोजणी निघाली की लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, ती याच कारणासाठी. पुष्कळ शेजारी ती नोटीस घेतच नाहीत, किंवा घेऊन त्या दिवशी मुद्दाम परगावी जातात. आम्ही म्हणतो, जावे, उभे राहावे, मोजणीदार खुंट ठोकील तेथे डोळ्यांनी पाहावे. सामंताने साक्षीला न येणे हा शास्त्राच्या दृष्टीने दोष आहे.

मिताक्षरेत सीमेचे पाच प्रकार सांगितले आहेत. झाडांनी दाखविलेली ती ध्वजिनी. पाण्याने दाखविलेली ती मत्स्यिनी. पुरलेल्या खुणांची ती नैधानी. काहीच खूण नाही, साक्षी नाही, तेव्हा राजाने आज्ञेने ठरविलेली ती राजशासननीता. आणि वादी-प्रतिवादी यांनी एकमेकांच्या संमतीने ठरविलेली जी सीमा, तिला नाव दिले आहे भयवर्जिता. पाठशाळेत हे पाठ केले तेव्हा आम्हांस हे नुसते पाच शब्द होते. पुढे गावोगाव हिंडताना त्या एका शब्दाचा अर्थ उलगडत गेला. झाड तोडता येते, ओढा पात्र बदलतो, पुरलेला दगड रात्री उकरून चार हात सरकविता येतो, आणि राजाच्या हुकुमावर वरच्या राजाकडे अपील होते. या चारही सीमांना राखण लागते. संमतीने ठरलेल्या सीमेला राखण लागत नाही. तिच्यावर रात्री कंदील घेऊन जावे लागत नाही. शास्त्रकारांनी तिला 'संमता' म्हटले असते तरी चालले असते. त्यांनी 'भयवर्जिता' म्हटले.

आता व्यवहार. भांडणे वाढली ती माणसे वाईट झाली म्हणून, असे म्हणणे सोपे आहे. आम्हांस ते पुरेसे वाटत नाही. बापाची आठ एकर चार भावांत वाटली, नातवांत आणखी वाटली. तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ साली कायदा झाला, तरी घरात तोंडी वाटण्या होतच राहिल्या. प्रत्येक वाटणीला बांध वाढला, आणि मागच्या तुकड्याला वाट राहिली नाही. पूर्वी डोक्यावर पाटी घेऊन पाऊलवाटेने जाता येत असे. आज ट्रॅक्टर न्यावयाचा, उसाची ट्रॉली बाहेर काढावयाची. पाऊलवाट देणारा आजा गाडीवाट देऊन गेला नव्हता. ऊस वाळून चालला आणि ट्रॉली निघत नाही, मग सख्खे भाऊ हातघाईवर येतात. शिवाय बांध कोरण्याचा रोग जुनाच आहे. दर नांगरटीला एक तास आत घ्यायचे. वीतभर जमिनीने कुणी श्रीमंत झालेला आम्ही पाहिला नाही, पण तो वीतभराचा कज्जा दोन पिढ्या चाललेला पुष्कळ पाहिला. यंत्राने तर हे काम अर्ध्या तासात होते. रात्रीत बांध सपाट!

कायद्याची सोय आहे, ती माहीत असावी. वहिवाटीची वाट किंवा पाण्याचा वाहता ओघ कुणी अडविला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या पाचव्या कलमाप्रमाणे तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. 'पाहू, समजावू, पुढच्या एकादशीला बोलू' असे करता करता हे सहा महिने निघून जातात. वाट मुळीच नसेल, तर जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या १४३व्या कलमाखाली दुसऱ्याच्या बांधावरून वाट मागता येते. भावाभावांत अदलाबदल होऊन ज्याच्या नावावर एक आणि ताब्यात दुसरीच जमीन, असा १२ वर्षांहून अधिक काळचा घोळ मिटविण्यासाठी शासनाने २०२३ साली 'सलोखा' योजना काढली. तीत मुद्रांक शुल्क १,००० रुपये आणि नोंदणी फी १,००० रुपये एवढ्यावर अदलाबदलीचा दस्त करण्याची सवलत दिली. या योजनेत दोघांची संमती लागते, हे विशेष. शासनालाही शेवटी भयवर्जितेपाशीच यावे लागले.

अर्ज करावयाचा तर माळकऱ्याने तो कसा करावा? आमची रीत अशी की, आधी शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन त्याला तोंडावर सांगावे, "दादा, मी उद्या कचेरीत अर्ज देणार आहे, वाटेपुरता." त्याला नोटिशीतून कळू देऊ नये. अर्जात वाटेखेरीज दुसरे लिहू नये. वकील सांगतील की जोडीला मारहाणीची, शिवीगाळीची फिर्याद ठोका म्हणजे तो नरम येईल. न घडलेली मारहाण लिहिली की माळ गळ्यात असून नसल्यासारखी. आणि कज्जा चालू असताना त्याच्या घरी दुःख झाले तर खांदा द्यावयास जावे, त्याच्या लेकीच्या लग्नात अक्षता टाकावयास जावे. तो बोलावणार नाही? न बोलावो. मंबाजीनेही कुठे बोलाविले होते!

येथवर शेताच्या बांधाचे झाले. परंतु बांधावरचे भांडण बांधावर राहत नाही, ते देवळात येते. एका गावात दोन सप्ताह, दोन वीणे, दोन पंगती, आणि मधे एक भिंत, अशी गावे आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. मूळ शोधावे तर कुठल्या तरी विहिरीची पाळी निघते. दोन्ही पक्ष हरिनामच घेतात, पण पलीकडच्या कर्ण्याहून आपला कर्णा मोठा लागावा म्हणून घेतात. असल्या गावी बुवांना हळूच सुचविले जाते, "महाराज, जरा 'त्यांच्या'वर बोला." बिदागीही अंमळ जास्त असते. आमचे तरुण कीर्तनकारांना सांगणे आहे की, गादीवर उभे राहून ज्याचे नाव घेऊन बोलता येत नाही, त्याच्यावर खुणेनेही बोलू नये. गावात दोन सप्ताह असतील तर ज्यांनी बोलाविले त्यांना तारीख देताना एक अट घालावी : काल्याच्या दिवशी पलीकडच्या विणेकऱ्यास नारळ घेऊन आवतण जाईल. मान्य करतील तर जावे. आम्हांस या अटीपायी काही गावे मुकली आहेत; काही गावी पंगत एक झाली आहे.

मिताक्षरेने सीमा चार ठिकाणच्या सांगितल्या : देशाची, गावाची, शेताची आणि घराची. गावाची सीमा म्हटली की आम्हांस चोखोबाराय आठवतात. मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम चालले असता ते कोसळले आणि चोखोबांनी त्याखाली देह ठेविला; परंपरेप्रमाणे ते साल शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८. ज्या कुसाच्या आत त्यांना घर बांधावयाची मुभा नव्हती, ते कूस बांधताना ते गेले. नामदेवरायांनी अस्थी आणून महाद्वारात समाधी दिली. ती समाधी महाद्वारात आली, आणि त्यांच्या वंशजांना त्या दारातून आत जाण्यास पुढची सहाशेहून अधिक वर्षे लागली. सानेगुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरीत १० दिवस उपोषण केले आणि त्याच वर्षी मंदिर सर्वांस खुले झाले. विरोध करणाऱ्यांत आपल्या संप्रदायातलीही मंडळी होती, हे लपवून काय उपयोग? येथे वाट अडली होती ती एका गावाची नव्हे, एका समाजाची. आणि तिच्यावर काटे टाकणारे रोज चोखोबांचे अभंग म्हणत होते. त्या समाजाला 'सोसा' म्हणून सांगण्याचा अधिकार कुणाला होता, हे वरच्या कथेवरून ज्याचे त्याने ताडून पाहावे.

दोन समाजांचे भांडण कसे करावे याचाही धडा आमच्या घरात आहे. पैठणच्या नाथमहाराजांनी 'हिंदु-तुर्क संवाद' रचिला. त्यात हिंदू आणि तुर्क एकमेकांना कडकडून बोलतात. देवाविषयी, ग्रंथाविषयी, चालीरीतींविषयी, जे जे मनात डाचते ते ते दोघेही काढतात. नाथांनी कुणाच्या तोंडाला फडके बांधले नाही. वाद पुरता होतो, आणि शेवटी दोघे एकमेकांस आलिंगन देतात. ज्यांना हे शेवटचे आलिंगनच तेवढे आवडते ते मधले सारे बोलणे गाळतात, आणि ज्यांना मधले बोलणे आवडते ते आलिंगनाच्या आधीच पुस्तक मिटतात. नाथांच्या रचनेत ही दोन्ही एकाच कागदावर आहेत. बोलणे तोंडावर आहे, पाठीमागे नाही. आज गावात दोन आळींचे बिनसते ते बहुधा तोंडावर न बोलल्यामुळे. पलीकडच्या आळीत काय चालले आहे हे आपल्याला तिसऱ्याच गावचा मनुष्य येऊन सांगतो, आणि ते आपण खरे मानतो. मिरवणुकीच्या वाटेवरून खटके उडतात तेथे तर वाद वर्षानुवर्षे ठरलेल्या दिवशीच होतो. मग त्या दिवसाच्या पंधरवडा आधी दोन्ही आळींतल्या वडीलधाऱ्यांनी ती वाट एकत्र चालून पाहावयास कुणी बंदी केली आहे? ज्येष्ठात हद्द पाहावी असे मनूने म्हटले, त्याचे तात्पर्य हेच की गवत माजलेले नसताना पाहावी.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ पासून 'महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम' निघाली, गावोगाव समित्या झाल्या, बक्षिसे मिळाली. काही गावांत चांगले काम झाले. काही गावांत कमान उभी राहिली आणि तंटे कमानीच्या आत तसेच राहिले. समिती बांधावर जाऊन बसते की ग्रामपंचायतीच्या पंख्याखाली, यावरून तिची परीक्षा करावी.

आमच्या वारीत मात्र तक्रार सोडविण्याची एक रीत हैबतबाबा आरफळकरांनी लावून दिलेल्या सोहळ्यात आजवर चालत आली आहे. जे माउलींच्या पालखीबरोबर चालले आहेत त्यांनी ती पाहिलेलीच आहे. शेकडो दिंड्या, हजारो माणसे, पुढेमागे चालण्याचा क्रम, पाणी, उतरण्याची जागा, कुरबुरी होणारच. मुक्कामी तळावर समाजआरतीसाठी दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदार चोप उंच करतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ थांबवीत नाही. सगळा तळ निःशब्द, आणि एका कोपऱ्यातून तेवढे टाळ वाजत राहतात. कुणी त्यांना "गप्प बसा, देवाचे कार्य आहे" असे म्हणत नाही. चोपदार त्या दिंडीपाशी जातो, विचारतो, ऐकतो, ज्याच्याविरुद्ध म्हणणे असेल त्याला तेथेच विचारले जाते, निवाडा होतो. टाळ थांबतात. मग आरती.